विहीणबाईंना ‘गेट’ शिकवताना

मी तेहेतीस वर्षं नागपूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. त्या काळात ‘गेट’ या एका शब्दाने मला जेवढं छळलं तेवढं कुठल्या मुलाने किंवा मुख्याध्यापकाने छळलं नाही. फाटकाचं गेट नव्हे, ते बिचारं एका जागी उभं असतं. मी म्हणते तो मिळण्याचा, पोचण्याचा, उठण्याचा, चढण्याचा, उतरण्याचा, लग्न करण्याचा आणि आजारातून बरं होण्याचा ‘गेट’. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. पण मागच्या वर्षी, वयाच्या बासष्टीत, हुडकेश्वरच्या घरात डायनिंग टेबलाशी मोबाईल डब्याला टेकवून मी तो शब्द पुन्हा पहिल्यापासून शिकवला. विद्यार्थीण एकच होती. ती स्पेनमध्ये राहत होती, माझ्याच वयाची होती आणि नात्याने माझी विहीण होती.

माझी लेक नोकरीसाठी तिकडे गेली आणि तिथल्याच मुलाशी तिने लग्न केलं. जावई भला माणूस आहे. भांडी घासतो, आणि आमच्या ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं तरी भाकरी खाली ठेवत नाही. दोघांचं ऑफिस इंग्रजीतलं, त्यामुळे संसारही इंग्रजीतच चालतो. लेकीचं स्पॅनिश भाजीच्या दुकानापुरतं आणि बसच्या तिकिटापुरतं. विहीणबाईंचं इंग्रजी तेवढंही नाही. त्या समुद्राकाठच्या एका गावातल्या. सगळं आयुष्य माशांचे डबे भरण्याच्या कारखान्यात गेलेलं. लग्नात आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की गाल दुखायला लागले, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं.

लेकीला दिवस गेले तेव्हा मी आनंदाने दोन दिवस जमिनीवर नव्हते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात कुणी सांगावं लागत नाही. पण तिचे डॉक्टर तिकडचे, विमा तिकडचा, म्हणून ठरलं की मीच जायचं. म्हणजे माहेरच उठून तिच्याकडे जाणार. तिकीट काढलं, डिंक आणला, बाळंतशेपा निवडून ठेवल्या, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. आणि तिला आठवा महिना लागला तेव्हा माझ्या पोटरीत रक्ताची गुठळी सापडली. डॉक्टर म्हणाले, सहा महिने विमानात बसायचं नाही. मी खूप हुज्जत घातली. ते ऐकून घेत राहिले आणि पुन्हा तेच म्हणाले.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, “काही हरकत नाही मम्मी. तू तुझ्या पायाकडे पाह्य. यांच्या आई येऊन राहिल्या ना.”

तिने माझ्या जिवाला घोर नको म्हणून तसं म्हटलं, हे मला कळत होतं. तरी ते ‘काही हरकत नाही’ मला लागलं. आमचे हे वारल्यापासून मी घरात एकटीच आहे. त्या संध्याकाळी मी दिवाही लावला नाही.

आठवड्याने जावयाचा फोन आला. तो दिवसभर कामावर जाणार, घरात बाळंतीण आणि त्याची आई, दोघींना एकमेकींचं बोलणं कळणार नाही. तर तुम्ही माझ्या आईला थोडं इंग्रजी शिकवाल का? मी लगेच हो म्हटलं. फार मोठ्या मनाने म्हटलं असं कुणी समजू नये. माझ्या लेकीचं बाळंतपण जिच्या हातून होणार ती निदान माझ्या तालमीत तरी तयार होईल, असा माझा हिशेब होता.

आमच्याकडे पाच वाजले की त्यांची दुपार. पहिल्याच दिवशी विहीणबाई केस नीट विंचरून, वही उघडून बसल्या होत्या. त्यांनी कुठूनसं एक पुस्तक मिळवलं होतं आणि त्यातल्या ‘गेट’च्या पानावर त्या अडकल्या होत्या. वही कॅमेऱ्यासमोर धरून एकेका ओळीवर बोट ठेवत त्या मला ओरडून वाचून दाखवू लागल्या. उठण्याला त्यांच्याकडे ‘लेवान्तार्से’, पोचण्याला ‘येगार’, मिळवण्याला ‘कोन्सेगिर’, उतरण्याला ‘बाखार’, लग्नाला ‘कासार्से’. प्रत्येक कामाला वेगळा, धडधाकट शब्द. आणि समोरच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी ‘गेट’, ‘गेट’, ‘गेट’. शेवटी त्यांनी पेन आपटलं आणि त्यांना येत असलेल्या चार इंग्रजी शब्दांतले दोन वापरले, “इंग्लिश लेझी!”

मी मनापासून हसले. पण मग मला आमचा ‘लागणं’ आठवला. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, सावनेरच्या रस्त्याने जाताना गाव लागतं, कुणाला बस लागते, कुणाला वेड लागतं, आणि नात्याने कोण कुणाची काय लागते तेही त्याच शब्दाने सांगतात. हे मी त्यांना पोटावर हात फिरवून, ठेच लागल्यासारखं करून, डोक्याशी बोट फिरवून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. “मराठी लेझी!” असंही त्यांनी वहीत लिहून घेतलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाई मला आवडायला लागली आहे, आणि ते मला फारसं पसंत पडलं नाही.

यादी पाठ करून हा शब्द येत नाही. मला तो कसा आला ते सांगते.

माझं माहेर खाप्याचं. घर विणकरांचं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि माग मोठ्या मुलाच्या हवाली करून धाकट्याला, म्हणजे माझ्या बाबांना सांगितलं की तू शीक. बाबा पंचविशीत मॅट्रिक झाले आणि नगरपालिकेच्या शाळेत मास्तर लागले. इंग्रजी त्यांना कुणी शिकवलं नव्हतं; त्यांनी ते स्वतःच धरून आणलं होतं. त्यामुळे ते शिकवण्याची त्यांची तऱ्हा कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. दर सोमवारी ते चुलीजवळच्या भिंतीवर खडूने एक शब्द लिहायचे. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने तो शब्द वापरून काम करायचं किंवा करवून घ्यायचं. अर्थ विचारायचा नाही. अर्थ विचारला की म्हणत, “अर्थाचं काय काम आहे गा? पाणी पेल्यावर तहान गेली का नाही, तेवढं सांग.”

‘गेट’ एका आठवड्यात संपेना. तो भिंतीवर अख्खा उन्हाळा राहिला. सकाळी ‘गेट अप’, मग ‘गेट द बकेट’, ‘गेट रेडी’. गल्लीत मागांची खटखट चालू असायची आणि त्यावरून बाबांचा आवाज यायचा. ते आम्हा भावंडांना कन्हान नदीवर न्यायचे आणि काठावर उभे राहून हुकूम सोडायचे. ‘गेट इन’ म्हटलं की पाण्यात, ‘गेट आउट’ म्हटलं की बाहेर. कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून बघायच्या. एक म्हातारी रोज म्हणायची, मास्तर पोरायले कवायत शिकवून राहिला.

हुकूम हुकमासारखाच द्यायचा, असा बाबांचा दंडक होता. पुटपुटलेलं इंग्रजी त्यांना खपत नसे. माझी माय एक अक्षर शिकलेली नव्हती, पण या कामात ती आम्हा सगळ्यांच्या पुढे गेली. तिने शब्दाला आपल्या पद्धतीने माणसात आणलं. सकाळी माझं पांघरूण ओढून ओरडायची, “गेट अप वं!” बकरी दारात आडवी बसली तर तिलाही तेच. बाबा हातातलं पुस्तक बाजूला ठेवून तिच्याकडे बघत राहायचे. इतकं कौतुक त्यांच्या चेहऱ्यावर मी माझ्या बी.ए.च्या निकालालाही पाहिलं नाही. त्या उन्हाळ्याची आठवण आली की मला आजही घरी जावंसं वाटतं, आणि मग लक्षात येतं की ते घर विकून वीस वर्षं झाली.

माझं बाळंतपणही त्याच घरात झालं. हीच लेक तेव्हा झाली. सव्वा महिना मायने मला जमिनीला पाय लावू दिला नाही. आणि त्या सव्वा महिन्यात ती माझ्याशी एक शब्द गोड बोलली नाही. खा. झोप. पाय झाक. उठू नको म्हटलं ना! एकदा मी पाणी मागताना चुकून ‘जरा देतेस का’ असं म्हटलं, शहरात राहून लागलेली सवय, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काहून वं? मी काय पाहुणी हाव का?” आणि खरोखर दुपारपर्यंत रुसली. आमच्या लोकांत विनंती परक्याला करतात. घरच्या माणसाला मेहेरबानी म्हटलं की त्याला घराबाहेर काढल्यासारखं वाटतं.

तर विहीणबाईंना मी बाबांच्या तऱ्हेने शिकवलं आणि मायचं बाळंतपण शिकवलं. वीस वाक्यं तयार केली. शिकवणी चालते एवढंच लेकीला-जावयाला माहीत होतं; वाक्यं कुठली ते मी सांगितलं नव्हतं. गेट सम स्लीप. डोंट गेट अप. डोंट गेट कोल्ड. गेट युअर फीट इन. इकडे मी उशी घेऊन बसायची, तिकडे त्या उशी घेऊन बसायच्या. मी उशीला दटावलं की त्याही आपल्या उशीला दटावायच्या. माशांचे डबे भरणाऱ्या हातांचा वेग विलक्षण होता. उशीला दुपट्यात कसं गुंडाळायचं ते त्यांनी एकदा पाहिलं आणि दुसऱ्यांदा माझ्याआधी करून दाखवलं. बोलताना मात्र आवाज मऊ पडायचा. मी ओरडायची, “लाउड! लाइक मदर!” मग त्या पाठ ताठ करून गर्जना करायच्या, “डोंट गेट अप!”

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पेन्सिलीने प्रत्येक वाक्याआधी काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं. वीसही ठिकाणी ‘प्लीज’. मी मान हलवली. “नो प्लीज. फॅमिली,” मी म्हणाले. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. मग खोडरबर घेतलं आणि वीसही ‘प्लीज’ एकेक करून पुसले. मला माझा फार अभिमान वाटला. माझ्या लेकीला कुणी परक्यासारखं वागवणार नाही, एवढी तजवीज मी पाच हजार मैलांवरून केली होती.

नात झाली. सगळं सुखरूप झालं. फोटो पाहून मी आधी रडले, मग शेजारी पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी लेक बाळाला घेऊन घरी आली, विहीणबाईंनी ताबा घेतला, आणि घरी आल्यापासून पाचव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला लेकीचा फोन आला. ती न्हाणीघरात दार लावून बोलत होती.

“मम्मी, मले हे सहन नाही होऊन राहिलं.”

“काय झालं वं? बाळ बरं आहे ना?”

“बाळ बरं आहे. त्या... त्या पूर्ण बदलल्या, मम्मी. पहिले किती गोड वागत होत्या. आता दिवसभर नुसते हुकूम. गेट सम स्लीप! डोंट गेट अप! असं ओरडतात, जशी मी त्यांची नोकर आहे. एकदाही प्लीज नाही. पोरगा झाला नाही म्हणून असेल का? काल रात्री यांना सांगितलं. हे म्हणाले, शनिवारी आईले गावी सोडून येतो.”

मला एका क्षणात सगळं कळलं. वाक्यं माझी, आवाज माझा, पुसलेले ‘प्लीज’ही माझेच. तोंड उघडून दोन वाक्यं बोलले असते तर तिथल्या तिथे मिटलं असतं. मी ती बोलले नाही. मी म्हटलं, “बरं बाई, रडू नको. तुला जसं वाटेल तसं कर.”

फोन ठेवल्यावर जे वाटलं ते इथे लिहिते, कारण ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मला बरं वाटलं. बरं म्हणजे चांगलंच बरं वाटलं. मी माळ्यावरून सुटकेस काढून घेतली आणि पुसली. डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. सहा महिन्यांपैकी जेमतेम दोन झाले होते, पण माणूस विनवणी केली तर ऐकेल असं मी स्वतःला पटवलं. बाळंतिणीला एकटीला ठेवणार का, तिची आई गेलीच पाहिजे, असं त्यांना सांगायचं ठरवलं. कढईत तूप घालून डिंकही तळायला घेतला. डिंक फुलत होता आणि मी गुणगुणत होते.

बरोबर पाच वाजता मोबाईल वाजला. शिकवणीची वेळ. बाळ झाल्यावरही ही बाई शिकायला बसेल असं मला वाटलं नव्हतं. विहीणबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि लेक झोपली आहे असं खुणेने सांगून हळू बोलत होत्या. केस विंचरलेले नव्हते. डोळे तारवटलेले होते. त्यांनी वही समोर धरली. वीस वाक्यांच्या पुढे रकाने पाडले होते, एकेका दिवसाचा एक, आणि प्रत्येक वाक्य म्हटलं की बरोबरची खूण. पाच दिवसांत एकही रकाना त्यांनी कोरा सोडला नव्हता.

मग त्या म्हणाल्या, “शी क्राय. एव्हरी डे क्राय.” आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारलं, “माय इंग्लिश बॅड?”

मला मान वर करता येईना. पाच दिवस धड न झोपलेली बाई, परक्या भाषेत, परक्या बाईच्या आईचं बोलणं तोंडपाठ करून माझ्या लेकीच्या उशाशी बसली होती आणि वर चूक आपलीच असेल म्हणत होती. मी गॅस बंद केला. “नो,” मी म्हणाले. “युअर इंग्लिश इज व्हेरी गुड. टीचर बॅड.” त्यांना ते समजलं नाही. त्यांना वाटलं मी विनय दाखवते आहे, म्हणून त्या जोरजोरात नाही नाही म्हणू लागल्या. मी त्यांना म्हटलं, तिला उठवा आणि फोन तिच्याजवळ द्या.

लेक झोपेतून उठून बसली. मी तिला सगळं सांगितलं. वीस वाक्यं, उशी, खोडरबर, ‘लाइक मदर’. ती ऐकत राहिली. मग तिने तोंडावर हात धरला, मला वाटलं ती हसते आहे, पण ती रडत होती.

“मम्मी, म्हणून,” ती म्हणाली. “म्हणूनच. त्या ओरडल्या की मले राग यायच्या आधी रडू येऊन राहिलं होतं. मले समजतच नव्हतं काहून. तुझाच आवाज होता तो.”

“हाव वं. माझा आणि तुझ्या आजीचा.”

ती नाक पुसत म्हणाली, “आणि मी त्यांच्याबद्दल काय काय बोलली यांच्याजवळ. आता शनिवारचं रद्द करायले सांगते. त्यांची माफी मागते.” मग थांबली. ती माझी मुलगी आहे. शाळेत कुठलं पोर कुठे खोटं बोलतंय हे मला कळायचं तसं तिलाही कळतं. “पण मम्मी, सकाळी मी फोन केला, तेव्हाच काहून नाही सांगितलं?”

खोटं बोलायला जागा होती. फोन नीट ऐकू आला नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, “मले वाटलं, त्या गेल्या तर तू मले बोलावशील.”

“तुले डॉक्टरांनी नाही म्हटलं ना पण.”

“माहीत आहे.”

 बाळ किरकिरलं. मग दारातून तो आवाज आला, पाठ ताठ करून दिलेला, खणखणीत, “गेट युअर फीट इन!” आणि लेकीने दचकून पाय पांघरुणात घेतले.

“मम्मी, जाऊ मी?” ती म्हणाली. “त्या रागावून राहिल्या.”

मी म्हटलं, “जा बाई. लवकर जा.”